दाराबाहेरच्या चपला

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत पहिल्या शिफ्टला होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे सकाळी उठलेच नायत." खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आले ते दादा नव्हेत. कंपनीच्या गेटसमोरचं दारूचं दुकान आलं. नऊ वर्षं ज्याच्याकडे मान वळवली नव्हती, ते पाटीसकट डोळ्यांसमोर उभं राहिलं... त्या दिवशी मी दुकानाला लांबून वळसा घालून रोह्याहून पेणला गेलो. महिना झाला, पण हे आधी कबूल केल्याशिवाय दादांबद्दल लिहिणं बरं नव्हे. त्यांचं आडनाव मात्र लिहीत नाही, आमच्या बैठकीत आडनावं सांगत नाहीत.

आमची ओळख कासू स्टेशनच्या बाकावर झाली. पिऊन शिफ्टला गेल्यामुळे कंपनीने मला घरी बसवलं होतं. पुन्हा असं झालं तर नोकरी गेली, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांचे दोन पत्ते लिहून दिले. एक रोह्याचा, एक पेणचा, दोन्ही रविवारी सकाळी. रोह्याचं ठिकाण माझ्या घरापासून पाच मिनिटांवर, म्हणूनच मी पेणची गाडी धरली. मला गटाराच्या कडेवरून उचलून आणताना अर्ध्या रोह्याने पाहिलं होतं, पण बैठकीत शिरताना कोणी पाहू नये, अशी माझी इभ्रत! कासूला धीर सुटला आणि मी उतरलो. बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. मी सांगितलं, भाच्याच्या साखरपुड्याला चाललोय. ते म्हणाले, रोह्याला जागा बघायला. बराच वेळ आम्ही दोघे मनसोक्त खोटं बोललो. मग घाम पुसायला मी रुमाल काढला तर केसपेपर खाली पडला. त्यांनी तो उचलला, मागची बाजू वाचली आणि आपल्या खिशातून तसाच एक काढून दाखवला.

दादा पेणचे, एसटीत कंडक्टर. कुठे निघालात असं कोणी विचारील, म्हणून एसटीचा पास खिशात असूनही ते रेल्वेने निघाले होते, गावची बैठक टाळून रोह्याच्या बैठकीला, आणि माझ्यासारखेच धीर सुटून कासूला उतरले होते. शेवटी ठरलं की जी गाडी आधी येईल तिने दोघांनी जायचं. पेणची आली. "म्हंजे मीच फसलो," असं पुटपुटत ते चढले.

बैठक एका शाळेच्या खोलीत होती. दाराबाहेर चपलांचा एकच जोड. आत एकच माणूस, म्हणजे सगळं लक्ष आपल्यावर, या भीतीने दादा दोनदा पायरीवरून मागे फिरले. दोन्ही वेळा मी त्यांचा शर्ट धरला. त्यांना आधार द्यायला नव्हे... एकट्याने आत जायची माझीच छाती नव्हती.

पुढे खोलीची किल्ली दादांकडे आली आणि त्यांनी एक उद्योग सुरू केला. घरोघरच्या टाकाऊ चपला पिशवीत भरून आणायच्या, रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडायची आणि त्या दाराबाहेर मांडायच्या. सात-आठ जोड, मुद्दाम वाकडेतिकडे, घाईत काढल्यासारखे. त्यात एक बायकांचाही. दादा काही संत नव्हते. राग नाकावर असायचा, उशिरा येणाऱ्याला ते चारचौघांत खडसावत. मी चिडवायचो, आत खरं बोलायचा नियम आणि तुम्ही दारातच खोटं मांडता. एकदा मात्र ते न रागावता म्हणाले, "खोटं कुठं हाय? येश्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं हाय ते. माणसं यायचीत अजून."

स्मशानात मागे कोणीतरी कुजबुजलं, शेवटी दारूनेच नेला. नऊ वर्षं थेंब न घेतलेल्या माणसाबद्दल हे. मला संताप आला, आणि मी गप्प राहिलो याचा त्याहून जास्त आला.

पुढच्या रविवारी मी पेणला उतरलो तो बैठकीसाठी नव्हे. किल्ली दादांकडे असायची, तेव्हा दार बंद असणार, हे मी धरूनच चाललो होतो. बंद दार बघायचं, मी तर आलो होतो असं स्वतःला सांगायचं आणि स्टँडजवळच्या बारमध्ये जाऊन बसायचं. बायकोला काय सांगायचं तेही गाडीतच ठरलं होतं.

दार उघडं होतं. बाहेर सात-आठ जोड, वाकडेतिकडे. त्यातली एकेक चप्पल माझ्या ओळखीची होती, तुटलेल्या अंगठ्यासकट. त्यांच्यापैकी कोणाचाही धनी आत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरीही मला मागे फिरता येईना. मग कडेचा जोड दिसला. दादांच्या तपकिरी सँडल, चालत्या गाडीत तोल सावरून सावरून एका बाजूला टाच झिजलेल्या.

आत सतरंजीवर वहिनी एकट्याच बसल्या होत्या. खोली झाडलेली होती, किल्ली त्यांच्या मांडीवर.

"उशीर केलात भावोजी," त्या म्हणाल्या. "हे असते तर बोलले असते."

मी चपला काढल्या. त्या सँडलच्या शेजारी, वाकड्या.