मागची दोन दारं

माझ्या जुन्या गाडीची दारं रस्ताभर खडखडायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तलवाड्यात माझं जनावरांच्या पेंडीचं दुकान. गाडी जाऊन जाऊन जाणार कुठं, तर गेवराईला नाहीतर बीडला. पण दादा, माझा थोरला भाऊ, पुढारी; मोठ्या लोकांच्या मोठ्या गाड्यांतून फिरणारा. एकदा माझ्या गाडीतून उतरताना तो चारचौघांत म्हणाला, "गाडी हाय का पिंप बे? कान किटले." लोक हसले. मीही हसलो.

म्हणून "नारायणगडाच्या जत्रेला तुझीच गाडी घेऊ" असा त्याचा फोन आला, तेव्हा मी हरखूनच गेलो. बीडला गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन विचारलं, दारांचा आवाज कमी करायला स्वस्तात काय आहे? दुकानदारानं आधी डांबराची शीट दाखवली. सगळ्यात स्वस्त तीच. "पण खरं सांगू का," तो म्हणाला, "आपल्याकडचं ऊन तिला सोसत न्हाई. पाघळते, अन् वासानं गाडीत बसवत न्हाई. फोम पावसाचं पाणी पिऊन बसतो. घ्यायचीच तर ही रबरी घ्या, ब्युटाइलची. सगळं दार भरू नका. पत्र्याच्या मधोमध लावली तरी थरथर मरते."

तसं धरूनही माझ्या ऐपतीत दोनच दारं बसत होती. मी मागची निवडली. दादा मागं बसतो.

घरी दारांची आतली कव्हरं काढली आणि बायकोचं लाटणं घेऊन शीट पत्र्यावर दाबत बसलो. शीटच्या धारदार चंदेरी कडेनं बोटं कापली.

"एवढं कुणासाठी?" बायकोनं विचारलं.

"आपल्याच माणसासाठी."

जत्रेच्या दिवशी बायको दुकानावर थांबली. दादा आणि वहिनी मागं बसले. दार भारी गाडीसारखं जड आवाजात लागलं. मी आरशात दादाकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये होता. गेवराई मागं पडल्यावर वहिनी हळूच बोलल्या. आधीची खडखड असती तर त्यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नसतं.

"भाऊजींना वर आणू नका बरं का. तुमचे आमदारसाहेब असणार, त्यांच्यापुढं तो पेंडीचा वास..."

"आणतंय कोण? दुसरी गाडी मिळाली न्हाई, म्हणून ह्याला घेतलं. ड्रायव्हरबी फुकटात."

गडावर पोचल्यावर दादा म्हणाला, "तू गाडीपाशीच थांब बे. गर्दी लई हाय, कुणी घासून जाईल."

"बरं," मी म्हणालो, आणि ते परत येईपर्यंत उन्हात उभा राहिलो. दर्शनाला गेलोच नाही. परत आल्यावर वहिनींनी हातावर पेढा ठेवला, "खास तुमच्यासाठी आणला, भाऊजी."

वाटेत दादा खुशीत होता. "गाडी लई शांत झाली की. पुढच्या चतुर्थीला लिंबागणेशला जाऊ."

"गाडी मिळायची न्हाई, दादा."

"कावून?"

"मागचं बोलणं आता पुढं ऐकू येतं."

वहिनींनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

त्यानंतर दादा माझ्या घरी आला नाही. धाकट्याला गाडीचा माज चढलाय, असं गावभर सांगतो. काय बिनसलं, म्हणून बायको विचारत राहते. तिला काय सांगू? पेंडीची पोती तीही माझ्याबरोबर उचलते.