अण्णांच्या हातातला माईक

संगमेश कलशेट्टींना नवी पेठेत कुणी संगमेश म्हणत नाही आणि कलशेट्टीही म्हणत नाही. सगळ्यांचे ते अण्णा. साड्यांच्या दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यानं चाललेल्या बाईला "या वैनी, बघून तर जावा, घ्या असं कोण म्हणालंय" असं म्हणणारा तो आवाज त्यांचा. दुकान त्यांचं नव्हे, ते चन्नप्पा शेठचं. पण निम्म्या गिऱ्हाइकांना हे अजून ठाऊक नाही आणि अण्णांनी ते मुद्दाम सांगितलेलंही नाही. बाई एकदा गादीवर टेकली, की घडीमागून घडी मोडत अण्णा तिच्या घरचं सगळं काढून घेतात. साडी कुणाला, कशासाठी, सून कुठली, जावई काय करतो. यात वाईट हेतू अजिबात नसतो. माणूस बोलतं झालं की साडी लवकर पसंत पडते, असा त्यांचा धंद्यातला अनुभव आहे. बाकीची निव्वळ आवड.

हा आवाज दर हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर जातो. ज्या हायस्कूलमध्ये अण्णा शिकले, म्हणजे शिक्षकांना आवरले तोवर शिकले, तिथं आंतरशालेय खो-खोच्या स्पर्धा होतात आणि माईक अण्णांच्या हातात असतो. तो त्यांना कुणी दिला हे आता कुणालाच सांगता येत नाही. बहुधा कुणी दिला नसावाच. टेबलावर होता, यांनी उचलला. शेठ त्या दिवसांची रजा देतात, कारण नाही दिली तरी अण्णा जातातच.

अण्णांच्या समालोचनात खेळ अधूनमधून येई. बाकीचा वेळ इतर गोष्टींना लागे. आपल्या शाळेची मुलगी धावली की ती वाघीण. समोरची धावली की, "नाव काय की हिचं, असू दे, समोरच्या मुलीनं उगंच पळापळ केलेली हाय." पंचांनी आपल्याविरुद्ध शिट्टी मारली की, "पंचसाहेब चष्मा घरी विसरले का काय? नाही, आपलं सहज विचारलं." आणि मधेच, ऐन रंगात, "आत्ताच आपल्या मैदानावर मार्केट यार्डातले प्रसिद्ध व्यापारी सिद्धलिंगप्पा यांचं आगमन झालेलं आहे. पुढं या, पुढं या. ए पोरांनो, उठा, खुर्ची द्या." सिद्धलिंगप्पा हात जोडत जोडत खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत मैदानात दोघी बाद झालेल्या असत आणि ते कुणी पाहिलेलं नसे. तरी लोक खूश. पाहुणा तर विचारायलाच नको.

हे असंच चालत राहिलं असतं. पण यंदाच्या उपांत्य सामन्यात अण्णांच्या दोन्ही नोकऱ्या एकमेकींत मिसळल्या.

शाळेच्या संघात भुवनेश्वरी नावाची मुलगी आहे. नववीत आहे, अंगानं काटकुळी, बोलायला कमी. पाठलाग करणाऱ्या मुलीला खांबाभोवती अशी फिरवते की बघणाऱ्यालाच गरगरावं. त्या दिवशी ती मैदानात उतरली आणि अण्णांना भरून आलं. ते म्हणाले, "आणि ही आली आपली भुवनेश्वरी. हिच्या घरी सध्या आनंदीआनंद हाय बरं का. थोरल्या बहिणीचं जमलं. परवाच आमच्या दुकानात बस्ता बांधून गेले. नवरीला जांभळी इरकल काढली, काय सांगू तुमाला."

बस्ता बांधला होता हे खरं. पण बांधला होता तो गुपचूप. भुवनेश्वरीच्या आत्याला, सावित्रम्माला, ती थोरली भाची आपल्या मुलासाठी हवी होती, आणि पोरीचं दुसरीकडं ठरवल्याचं तिला कसं सांगावं या विचारात भुवनेश्वरीचे वडील महिनाभर होते. सगळ्यात आधी, घरी जाऊन, तिच्या पायाशी बसून सांगायचं असं ठरत आलं होतं. ती सावित्रम्मा भाचीचा खेळ बघायला म्हणून अक्कलकोटहून आली होती आणि भावाच्या शेजारी बसून शेंगा खात होती. कर्ण्यातून तिला भाचीचं लग्न कळलं, साडीच्या रंगासकट.

ती उठून उभी राहिली. भावाला काय म्हणाली ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. शेंगांची पिशवी तिथंच टाकून ती मैदानाबाहेर चालायला लागली, भाऊ मागं मागं. खांबाजवळ भुवनेश्वरी थबकून तिकडं बघत राहिली, आणि पाठलाग करणाऱ्या मुलीनं आरामात येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या सहज त्या मैदानावर कुणी बाद झालं नसेल. बाकीच्या मुलींनी जिवाचं रान करून सामना वाचवला, म्हणून शाळा अंतिम फेरीत गेली.

दुसऱ्या दिवशी वैजयंती मॅडम दुकानात आल्या. त्या शाळेच्या नव्या क्रीडाशिक्षिका, बार्शीकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. अण्णांनी सवयीनं एक चटणी रंगाची साडी त्यांच्यापुढं उलगडली.

"अण्णा, साडीला आले नाही."

"बघायला काय जातंय?"

"भुवनेश्वरी म्हणते, अण्णा माईकवर असतील तर मी अंतिम सामना खेळणार नाही."

अण्णांचा हात साडीच्या पदरावर तसाच राहिला. दुकानात त्यांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं गल्ल्यावरून चन्नप्पा शेठनीही मान वर केली.

"मी चांगलंच बोललो की हो मॅडम. वाईट काय बोललो?"

"तुम्ही चांगलंच बोलता. तिची आत्या अजून घरी येईना, आणि घरात सगळे हिलाच म्हणतात, तू मैदानात होतीस म्हणून झालं. माईक परवा मी घेते."

आता खरं सांगायचं तर अण्णांच्या आयुष्यात माईकखेरीज स्वतःचं असं फार नव्हतं. दुकान शेठचं, घर भाड्याचं, मुलगा पुण्यात. वर्षातले ते चार दिवस सोडले तर लोक त्यांचा आवाज ऐकत ते रस्ता बदलण्यासाठी. ते रात्री नीट जेवले नाहीत. त्यांच्या बायकोनं, जगदेवीनं, कारण विचारून घेतलं आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं सुम्निर्री, सुम्निर्री म्हणालेय. गप्प बसा म्हणून माझं कधी ऐकलं नाही, आता पोरीचं ऐका."

सकाळी ते सरावाच्या वेळी मैदानावर गेले. भुवनेश्वरी बुटाची नाडी बांधत होती, तिनं मान वर केली नाही.

"माझं चुकलं," अण्णा म्हणाले. एवढंच म्हणून थांबायला त्यांना किती कष्ट पडले ते त्यांचं त्यांना माहीत.

मुलगी नाडीशीच बोलल्यासारखी बोलली. "नुसतं नाव घ्या. घरचं न्हाई. वाघीण न्हाई. पंचांचा चष्मा न्हाई."

"आणि समोरच्या मुलींनाही नावं असतात," मॅडम मागून म्हणाल्या. "पाहुणे येतील ते येऊन बसतील. एक जरी शब्द जादा गेला, तर माईक तिथंच माझ्याकडं, आणि पुढच्या वर्षीही माझ्याकडंच."

अण्णांनी दोन्ही कान पकडले. भुवनेश्वरी हसली नाही, पण तिनं खेळणार नाही असंही म्हटलं नाही.

अंतिम सामन्याला बार्शीची शाळा होती. अण्णा तासभर आधी जाऊन त्या मुलींना एकेकीला नाव विचारून आले. मुली बिचकल्या. मागच्या वर्षी याच माणसानं त्यांच्या कर्णधाराला 'ती लांब वेणीवाली' म्हणून सगळा सामना काढला होता.

सामना सुरू झाला आणि प्रेक्षकांना वाटलं, कर्णा बिघडला. नाव यायचं, गुण यायचा, की पुढं शांतता. "अण्णा, सेल संपला काय हो?" असं मागून कुणीतरी विचारलंसुद्धा. अण्णा मांडीवर मूठ दाबून बसले होते. बार्शीच्या उत्कर्षानं असा काही सूर मारला की त्यांच्या घशापर्यंत एक संपूर्ण वाक्य आलं, उपमेसकट. ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं. मात्र खरी परीक्षा पुढंच होती. मध्यंतर व्हायला अवकाश असताना फाटकातून चन्नप्पा शेठ आले. इस्त्रीची पांढरी टोपी, खांद्यावर शाल. आत येऊन ते उभे राहिले आणि कर्ण्याकडं बघत वाट बघू लागले. खोकलेसुद्धा. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पगार देणाऱ्या माणसावरून नजर काढून ती मैदानाकडं वळवली. शेठ स्वतःची खुर्ची स्वतः शोधून बसले. असा प्रसंग त्यांच्यावर बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच आला असावा.

शेवटचा डाव आला. बार्शीच्या मुली पाठलागावर, आपल्या मुली पळतीवर, गुण बरोबरीत. भुवनेश्वरीच्या सोबतच्या दोघी बाद झाल्या होत्या. ती एकटी उरली. वेळ संपेपर्यंत ती टिकली असती तर जादा डाव मिळाला असता, बाद झाली तर सामना गेला. ती पळत होती आणि सगळं मैदान उभं होतं. खांबाजवळ तिनं एक हूल दिली, उत्कर्षानं पाठीमागून सूर मारला, धूळ उडाली आणि पंचांची शिट्टी वाजली.

"लागलंच नाही," पहिल्या रांगेतून एक जण ओरडला, मग सगळेच. भुवनेश्वरी खांबाला हात लावून उभी राहिली. बाहेर जाईना. पंच हातानं खूण करत होते, त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे अण्णांकडं बघत होते. इतकी वर्षं अशा वेळी निकाल पंचांनी द्यायचा आणि तो मोडीत अण्णांनी काढायचा, अशीच पद्धत पडली होती.

"अण्णा, बोला की."

चन्नप्पा शेठसुद्धा उठले. "संगमेश, आता तरी तोंड उघड."

अण्णांना काही दिसलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं नुसती धूळ दिसली होती. पण न दिसलेलं बोलायची त्यांना कधीच अडचण आली नव्हती, आणि एका वाक्यात ते मैदान पेटलं असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माईक उचलला. भुवनेश्वरी त्यांच्याकडंच बघत होती. तिला आपण बोलायला हवंय की नकोय, हे त्यांना त्या नजरेतून काही केल्या कळेना.

"पंचांचा निर्णय," अण्णा म्हणाले. "भुवनेश्वरी, बाद. बार्शी, एक गुण."

जो आवाज सकाळपासून बार्शीच्या मुलींची नावं घेत होता, त्याच आवाजात म्हणाले. ओरडा हळूहळू खाली बसला. अण्णाच बाद म्हणतात म्हटल्यावर पुढं ओरडायचं कुणाच्या जिवावर? मुलीनं खांबावरचा हात काढला आणि ती मान खाली घालून बाहेर आली. थोड्या वेळात सामना संपला. अण्णांनी बार्शीच्या सगळ्या मुलींची नावं एकेक करून घेतली, एकही चुकलं नाही.

लोक त्यांच्या टेबलावरून न बोलता गेले. एक म्हणाला, "घरचे असून तुम्ही पण?" शेठ शाल सावरत थांबले, "उद्या दुकानात ये, बघू," म्हणाले आणि गेले. वैजयंती मॅडम बक्षीस समारंभाच्या गडबडीत होत्या. अण्णा एकटेच कर्ण्याची वायर गुंडाळत बसले. आपण शब्द पाळला, पण पोरीला हरवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. माईक असा धरायचा असेल तर तो मॅडमनीच घेतलेला बरा, असंही त्यांना वाटलं.

भुवनेश्वरी येऊन समोर उभी राहिली. अंगाला माती तशीच.

"अण्णा, लागलं होतं."

"काय?"

"हात. पाठीला. दोन बोटं चांगली लागली होती. मी बादच होते."

"मग उभी कशाला राहिलीस?"

"सगळे लागलं न्हाई म्हणत होते की. सर, पोरी, सगळे. मला वाटलं आता तुमी पण म्हणणार." तिनं हातावरची माती झटकली. "तुमी म्हटला असता तर मला तितंच उभं राहायला लागलं असतं."

एवढं बोलून ती गेली. अण्णा वायर हातात धरून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.