दोन कार्डं आणि एक बाळंतीण

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. मी सातव्या महिन्यात धारवाडहून हुबळीला आले, दाजीबानपेठेत, आणि माझ्यामागोमाग माझी वहिनीही पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या माहेरी बेळगावला गेली. एक लेक आली, एक सून गेली. घरातल्या ताटांची संख्या तीच राहिली.

त्याच सुमारास सरकारनं सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठी आरोग्य विमा काढला. वर्गणी भरायची, घरातल्यांची नावं द्यायची, मग ऑपरेशनचा खर्च विम्याचा. तोवर विमा म्हणजे नोकरदारांची चैन, असंच आम्हा दुकानदारांना वाटायचं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आणि धारवाडच्या सासऱ्यांनी आपापल्या सोसायटीतून हौसेनं कार्डं करून घेतली. अप्पांनी तर देवापुढं ठेवून हळदकुंकू लावलं.

बाळ महिन्याचं झालं आणि एका सकाळी माझ्या पोटात कळ उठली. दुपारपर्यंत अंग तापानं फणफणलं. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पित्ताशयात पू झालाय, आजच काढायला हवं, उशीर झाला तर जिवावर बेतेल. सासरेही धारवाडहून धावत आले. मी स्ट्रेचरवर, घरी बाळ भुकेलं, दूध भरून पदर ओला झालेला.

काउंटरवरच्या बाईंनी अप्पांचं कार्ड पाहिलं, मग मामंजींचं. दोन्ही परत पाहिली.

"इद्राग अक्कार हेसर इल्रि," त्या म्हणाल्या. दोन्हीत माझं नाव नव्हतं.

अप्पा भडकले. "अहो, सून तुमची! तुम्ही लिहायला नको होतं?"

"ती तर तुमच्याकडं होती की!" मामंजींचा आवाज चढला. "बाळंतपण माहेरचं, आजारपण माहेरचं. आम्ही म्हटलं, तुम्ही लिहिलंच असणार."

"दिलेल्या लेकीचं नाव आम्ही कसं लिहायचं?"

डॉक्टर दारात येऊन थांबले होते. थिएटर तयार होतं. मला मरणाची भीती वाटत होती, आणि हे दोघं मी कुणाची हे ठरवत बसले होते. इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

"अप्पा," मी ओरडले, "वहिनी आहे का तुमच्या कार्डावर?"

अप्पांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. स्वतः सांगून लिहवलेली नावं ते पुन्हा वाचत राहिले. वहिनीचं नाव त्यात नव्हतं. शेवटी अप्पाच काउंटरपाशी गेले आणि म्हणाले, "विम्याचं राहू द्या. आधी तिला आत घ्या. पैसे मी भरतो." मामंजी म्हणाले, "आम्ही दोघं भरतो."

मला आत नेत असताना अप्पा समोरच्या एसटीडी बूथकडं निघालेले दिसले. चपला घालायचं भान त्यांना नव्हतं.

शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी बसली होती. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. मी पहिलं वहिनीच्या नावाचंच विचारलं.

"लावला गं फोन बेळगावला," आई म्हणाली. तिनं बाळाचं दुपटं उगीचच सारखं केलं. "तिच्या वडिलांना वाटलं, इकडं आपणच लिहिलं असेल."

नवी नोंदणी आता पुढच्या वर्षी. वहिनीला नववा लागला होता.