चेहरा झाकला, गाव उघडं

आमच्या संस्थेच्या फेसबुक पेजवर तोवर लाईक यायचे ते माझे, माझ्या मावशीचे आणि अमरावतीच्या ऑफिसातल्या सरांचे. संपलं. खारपाणपट्ट्यातल्या गावांना प्यायचं पाणी मिळावं म्हणून सर मी शाळेत होते तेव्हापासून निवेदनं देत होते. मी अकोल्याची, बीकॉम करून नुकतीच चिकटलेली, आणि माझं काम पेज चालवायचं. सरांच्या मते पेज म्हणजे नोटीस बोर्ड. ते निवेदनाचा फोटो पाठवायचे, तोही आडवा. मी तो उभा करून टाकायचे. कोण बघणार सांगा?

मग मला चहा सुचला.

दर्यापूरहून शेअर जीपने जावं लागतं असं एक गाव आमच्याकडे होतं. शेजारच्या गावापर्यंत धरणाची पाईपलाईन आलेली, यांचाच शेवटचा तुकडा राहिलेला. गावात बोअर आहे, पाणीही भरपूर आहे, पण खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहात दूध टाकलं की दूध फाटतं. आमच्या मीटिंगा तिथल्या एका काकूंच्या ओसरीवर व्हायच्या. त्यांना मी म्हटलं, काकू, बोअरच्या पाण्याचा चहा करून दाखवा, मी मोबाईलवर काढते, निवेदनापेक्षा लवकर समजेल लोकांना.

काकू खुश होतील असं मला वाटलं होतं. पण त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कॅमेरा म्हटला की लोक दचकायचे. टीव्हीवाले गावात यायचे ते एकाच कारणाने, आणि ज्या घरी यायचे त्या घरापुढे नुसत्या चपलांचा ढीग असायचा. काकूंनी पहिलं तेच विचारलं.

"आमच्या घरी तं कोणी मेलं नाई. मंग शूटिंग काहून?"

मी भरभर समजावलं. चेहरा घेणार नाही, नाव घेणार नाही, फक्त हात दिसतील. हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि मला ते फार महत्त्वाचं वाटायचं. काकूंनी विचार केला, आत जाऊन हातात नव्या हिरव्या बांगड्या भरून आल्या आणि चूल पेटवली. व्हिडिओ असा झाला: पातेलं, उकळी, दुधाची धार, आणि बघता बघता दुधाच्या गुठळ्या. हिरव्या बांगड्यांचे हात ते तसंच कपात ओततात, कप पुढे करतात आणि काकूंचा हसरा आवाज येतो, "घ्या. आमच्या गावचा चहा." शेवटी मी फाट्यावर जाऊन गावाच्या नावाचा बोर्ड घेतला. सर म्हणाले होते, नाव नसलं तर साहेब विचारतील कोणतं गाव, आणि तिथेच विषय संपेल. बरोबरच होतं ते.

टाकला. मावशीचा लाईक आला. मग मावशीच्या शेजारणीचा. मग मी जेवायला बसले आणि फोन जो थरथरायला लागला तो ताटाशेजारून सरकत सरकत पाटाच्या कडेला गेला. तेव्हा नेट नुकतंच स्वस्त झालेलं, घरोघरी नवे फोन, लोक काहीही बघायचे आणि सगळ्यांना पाठवायचे. दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या जीपमध्ये ड्रायव्हर चाचांनी मलाच माझा व्हिडिओ दाखवला. "देखो मॅडम, तुमच्या पाण्यावाल्यांचंच काम दिसते." कोणीतरी त्यावर गावाचं नाव लाल अक्षरात लिहिलं होतं आणि मागे गाणं लावलं होतं. मी सांगितलं, चाचा, हा मीच काढला. त्यांनी पुढच्या एका माणसाला मागे दाटून बसवलं आणि मला पुढची सीट दिली. मी तर हवेत!

कमेंटी धडाधड येत होत्या. साहेब झोपले का. शेअर करा. आमच्या बी गावात हेच. आणि मधेच एक: "या गावात कोणी पोट्टी देऊ नका रे भाऊ." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. प्रत्येक कमेंटला पेजकडून लाईक द्यायचा असा आमचा नियम होता. तिलाही दिला. अंगठा भराभर चालत होता.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. काकू फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या, त्या दिवशी हळू बोलल्या. त्यांच्या मुलाची, म्हणजे दादाची सोयरीक चालू होती. दादा दर्यापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, शांत माणूस. मुलगी रिद्धपूरकडची, गोड्या पाण्याच्या मुलखातली. पोरगी बघून झाली होती, दोघांना पसंत होतं, आणि रविवारी मुलीकडचे घर पाहायला येणार होते. मी पटकन म्हटलं, पण काकू, तुमचा चेहरा कुठे आहे त्यात, कोणाला कळणार?

"माहा चेहरा झाकला तुनं," काकू म्हणाल्या, "अन् गाव उघडं टाकलं. सोयरिकीत चेहरा कोण पायते वो? गाव पायते."

आमच्या पट्ट्यात हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं, माझ्या सख्ख्या आत्याने असंच एक स्थळ पाण्यावरून नाकारलं होतं. पण प्रशिक्षणाच्या कागदात चेहऱ्याबद्दल होतं, गावाबद्दल काही नव्हतं.

काकूंचं म्हणणं साधं होतं. रविवारपर्यंत काढून टाक, पाहुणे गेले की पुन्हा टाकजो.

मी सरांना विचारलं. सर चिडले नाहीत, उलट फार हळू आवाजात त्यांनी सांगितलं की पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरून फोन आलाय. इंजिनियर गाव पाहायला येतो म्हणतोय. आज व्हिडिओ काढून टाकला तर म्हणतील खोटा होता म्हणून काढला. मग पुढची किती वर्षं?

पासवर्ड माझ्याकडे होता. दिवसभर मी पेज उघडायचे, त्या तीन टिंबांवर बोट न्यायचे आणि परत घ्यायचे. शेवटी मी मधलं काहीतरी केलं. वरचं लिहिलेलं बदलून गावाचं नाव काढलं, आणि ती पोट्टीवाली कमेंट उडवली. बरं वाटलं. संध्याकाळी अकोल्यात आमच्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, लाल अक्षरांसकट. खाली तेच वाक्य, आता कमेंट म्हणून नाही, व्हिडिओवरच चिकटवलेलं. ते काढायचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता.

काकूंना हे सांगायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग रविवारी तू बी ये. त्यायनं इचारलं तं तूच सांग काय सांगायचं ते."

रविवारी मी सकाळच्या जीपने निघाले. डोक्यात वाक्यं जुळवत होते, शासन, योजना, लवकरच, आणि प्रत्येक वाक्य मलाच निवेदनासारखं वाटत होतं. काकूंच्या घरात शेणाने सारवल्याचा वास. कोपऱ्यात झाकून ठेवलेला पितळेचा गुंड, म्हणजे कळशीसारखं भांडं. हा गोड्या पाण्याचा. या गावात प्रत्येक घरी असा एक असतो, शेजारच्या गावाहून सायकलवर कॅन आणून भरलेला, आणि तो फक्त पाहुण्यांसाठी. घरचे त्याला हात लावत नाहीत. तापात पडलेल्या माणसाला मिळतं त्यातलं, एरवी नाही. दादाने त्या दिवशी दोन खेपा केल्या होत्या. माझ्याशी नेहमी हसून बोलणारा दादा नुसती मान हलवून बाहेर गेला.

पाहुणे आले. मुलीचे वडील, मामा आणि आत्या. आत्या घरातली मोठी असावी, कारण वडील प्रत्येक वाक्यानंतर तिच्याकडे बघत होते. पाऊसपाणी झालं, रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलणं झालं, कपाशी कशी आहे, सोयाबीन कसं आहे. व्हिडिओचा विषय कोणीच काढेना. मला वाटलं, नसेल पाहिला. खरंच नसेल. मी देवाला वगैरे हात जोडत नाही, पण ओढणीखाली जोडले.

मग काकू चहा घेऊन आल्या. पिवळसर, छान, एकसारखा चहा. आणि हात पुढे आला तसं माझं लक्ष गेलं: त्याच हिरव्या बांगड्या.

आत्याने बांगड्या पाहिल्या. कप घेतला, घोटभर प्याली, बशी खाली ठेवली.

"हा कोण्या पाण्याचा हाये?"

मी तोंड उघडलं. माझं वाक्य तयार होतं. पण काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"गोड्या. पाहुण्याले गोडंच पाणी ठेवतो आमी."

"अन् सुनेले?"

मामांनी कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. मला वाटलं काकू आता म्हणतील, तिलाही गोडंच देऊ, लेकीसारखी ठेवू, असं म्हणतातच लोक. दाराशी दादा उभा होता, त्याची नजर जमिनीवर.

"सुनेले बोअरचं," काकू म्हणाल्या. "मले बी तेच भेटलं. खोटं काहून सांगू? पहिल्या वर्षी रडली मी. मंग डाळ आधल्या दिवशी भिजू घालाची शिकली."

आत्याने बोअरचं पाणी मागितलं. दिलं. तिने तांब्या वर धरून दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं नाही, पण तिसरा घोट घेतला नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं की ती व्हिडिओवाली पोट्टी तूच का. मी हो म्हटलं. नळ कधी येते, तिने विचारलं. माझी सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, माहीत नाही. ती "बरं" म्हणाली. कळवतो, असं सांगून सगळे उठले. "कळवतो" म्हणजे काय ते गावात शेंबड्या पोराला कळतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. पेजचे फॉलोअर वाढत होते, सर खुश, मावशी खुश, आणि मी मात्र फोन वाजला की आधी नाव बघायचे. काकूंचा असला तर काय बोलू, आणि नसला तर का नाही. इंजिनियर येऊन गेला. त्याने मोजमाप केलं आणि फाट्याजवळच्या दगडावर लाल रंगाने बाण काढला. मी बाणाचा फोटो टाकला.

मग काकूंचा फोन आला, नेहमीसारखा ओरडून. रिद्धपूरहून निरोप आला होता. सोयरीक मोडली नव्हती, पण जुळलीही नव्हती. नळाचं पाणी गावात आलं की पुढचं बोलू. आत्याने एवढंच कळवलं होतं की घर खरं बोलणारं आहे, पाणी मात्र पाहिजे.

"आता काढू नको तो व्हिडिओ," काकू म्हणाल्या. "आता रोज टाक काईतरी. बाणाचा फोटो काय टाकते, बाणाले कोण भेते?"

म्हणजे आता प्रत्येक पोस्टमागे एक लग्न. आधी मला फक्त वाटायचं लोकांनी बघावं. आता वाटायचं, एक दिवस खाडा पडला आणि साहेबाचं लक्ष दुसरीकडे गेलं तर? मी फाट्यावर जायचे, पाईप आले का बघायचे. आले एकदाचे, काळे, रस्त्याच्या कडेला. फोटो. मग तिथेच पडून राहिले. तसाच फोटो पुन्हा. काम बंद पडलं की काय, ठेकेदार पळाला की काय, काहीच समजेना.

त्याच सुमारास पेजच्या इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. "पाईप कुठवर आला?"

मी लिहिलं, बोर्डापर्यंत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा लिहिलं, बोर्डापर्यंत. मला वाटलं कोणी पत्रकार असेल, किंवा साहेबांचाच माणूस, आमची परीक्षा घेत असेल. मी फार जपून, संस्थेच्या भाषेत उत्तरं द्यायला लागले. मग एका दुपारी त्याच फुलाचा मेसेज आला:

"एक विचारू का? त्या हिरव्या बांगड्यावाल्या काकू रागीट आहेत का?"

मी जीपमध्ये होते, चाचांच्या शेजारी. पेजवरून खाजगी उत्तर द्यायचं नाही असं सरांनी बजावलेलं. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. पत्रकार असं विचारत नाही, होणारी सून विचारते. आणि लिहिलं, रागीट नाहीत, फोनवर ओरडून बोलतात फक्त. डाळ आधल्या दिवशी भिजत घालायला शिकवतील, पण तोवर नळ येईल बहुतेक.

पाठवलं. मग "बहुतेक" हा शब्द मला टोचायला लागला. काढता येईना. तिने तो बघितला, तशी खूण दिसली, उत्तर काही आलं नाही.

फाट्यावर मी चाचांना जीप थांबवायला सांगितली. पाईप तिथेच होते, पण आज त्यांच्या पलीकडे हातभर खोल चर खणलेला होता, ताजा, काळ्या मातीची ढेकळं अजून ओली, आणि तो बोर्डाच्या पुढे गावाकडे गेला होता. कुठवर, ते बघायला मी चालत निघाले.