दोष आधी सांगणारा मिस्त्री

कळंबला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री माझ्या ओळखीचा आहे. मोटार हातात देताना तो आधी तिचा दोष सांगतो. "तात्या, आतली तार जुनी हाय. जळंलच असं न्हाय, पण कोरडी चालवू नका. ग्यारंटी देत न्हाय." गिऱ्हाईक बिथरतं, हा खुशाल हात पुसत बसतो. याचा धंदा चालतो तरी कसा, हे मला कधी कळलं नाही.

परवा त्याच्या मुलीला बघायला पिंपळीचे पाहुणे आले. मीही बैठकीला होतो. अशा वेळी घरातलं आजारी माणूस मळ्यात धाडून द्यायची आपल्याकडची रीत. यानं आपल्या थोरल्या भावाला नवा सदरा घालून पाहुण्यांसमोरच बसवलं आणि पोहे यायच्या आत सांगून टाकलं, "ह्याला स्किझोफ्रेनिया हाय. गोळ्या चालू हायत. डॉक्टर म्हणत्यात, रक्ताच्या नात्यात धोका जरा जास्त असतो, पण आजार होतोच असं न्हाय. ग्यारंटी देत न्हाय."

मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

तेवढ्यात भावानंच विचारलं, "आन तुमच्यात टक्कल कुणाकुणाला पडलंय?"

मुलाच्या वडिलांनी सावकाश टोपी काढली. डोकं लखलखीत होतं. "आज्याला, बापाला आन मला. पोराचं केस सध्या हायत. ग्यारंटी आमी बी देत न्हाय!"

मिस्त्री एवढा मोठ्यानं हसला, की बोलावणं आलं असं समजून मुलगी पोहे घेऊन बाहेर आली.