नारळाचं वजन

एप्रिलच्या उन्हात, रिसोडमध्ये, लोकरीचे मोजे आणि जाडजूड बूट घालून वांग्याच्या मळ्यात फेऱ्या मारणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. पंचेचाळिशी उलटलेली, पाठीवर लेकीनं पुण्याहून पाठवलेली भलीमोठी बॅग, बॅगेत वजनासाठी कांदे. नवे बूट पायाला बसावेत म्हणून रोज उजाडता उजाडता बांधावरून चालायचं. लेकीनं दोघींचं नाव हिमालयातल्या ट्रेकला घातलं होतं आणि फोनवर रोज धाक घालत होती. "आई, यंदा बर्फ खूप पडलाय. मे महिन्यातही खिंडीत गुडघाभर असेल म्हणतात. चालायची सवय कर, तिथं मी तुला उचलणार नाही."

ट्रेकला हो मीच म्हटलं होतं, कुणी गळा धरला नव्हता. मला बर्फ पाहायचा होता, बस्स. फ्रीजमधला नव्हे, आभाळातून पडलेला. पण हे गल्लीत कोणत्या तोंडानं सांगणार? घरी भाजीची तोडणी चालू, आणि ही बया निघाली हुंदडायला!

एका सकाळी बांधावर शेजारच्या काकूंनी गाठलं. सत्तरी ओलांडलेल्या, काका जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं.

"काहून वं, एवढं गाठोडं घेऊन कुठं चालली?"

"पुढच्या महिन्यात हिमालयात जाऊन राह्यली काकू. त्याची सवय करून राह्यली."

"बाप्पा! चारधाम!" काकूंनी तिथंच हात जोडले. "नशीब काढलं पोरी तू."

नाही, एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो निघाला नाही. उलट माझी मान हलली, मेली.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. यात्रेला निघालेल्या माणसाच्या पाया पडायची आमच्याकडे रीत. माझ्याहून मोठ्या बाया वाकू लागल्या. मी मागं सरकले की म्हणायच्या, किती गरीब स्वभावाची हो! धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं मला. देवापुढं ठेवायला कुणी सुपारी दिली, कुणी कापूर, कुणी खण, आणि बहुतेकींनी नारळ. तिकडं लेक सांगतेय की साबण अर्धाच घे, टूथब्रशचा दांडा काप, आणि इकडं घरात नारळांची रास.

आमच्या ह्यांनी भाजीच्या काट्यावर बॅग ठेवली, वर नारळ रचले आणि खदाखदा हसले. "देवानं तुले हमाल केलं वं!"

"मंग तुमीच सांगा ना लोकाइले!" मी अंगावरच गेले.

"मी कायले सांगू? त्या काय माह्या पाया पडून राह्यल्या?"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

मग काकू आल्या. हातात नारळ आणि घडी केलेला पांढरा शेला. "आमच्या याइले लय जायाचं होतं चारधामले. दरसाल म्हनत, यंदा जाऊ. राहूनच गेलं. हा त्याइचा शेला, देवाच्या पायावर घालून ये." आणि त्या माझ्या पाया पडल्या. त्यांचे खरबरीत हात माझ्या पावलांना लागले, आणि तरी मी शेला घेतला. एवढी कशी मी निर्लज्ज!

दुसऱ्या दिवशी काकूंचा नारळ आणि शेला टाकून बॅग पाठीवर चढवली खरी, पण बांधावर पाय पुढं पडेना. तशीच वळले आणि काकूंच्या अंगणात गेले. त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या.

"काकू, मी देवाले नाई चालली. तिथं देऊळच नाई. नुसता बरफ पाहाले चालली."

त्यांचे हात थांबले. "एवढ्या बाया पाया पडल्या तुह्या."

"हो."

"अन् तू पडू देलं."

"हो काकू." मला रडू फुटलं.

त्यांनी हातातली जुडी बांधून पुरी केली. दुसरी घेतली. मग खाली पाहतच म्हणाल्या, "त्याइलेबी बरफच पाहाचा होता. एक डाव मले म्हने, हातात घेऊन पाहू वं बरफ. मी हासली. म्हनलं, म्हाताऱ्याले चळ लागला. मंग त्याइनं बरफाचं नावच नाई काढलं. चारधाम म्हनत."

मी पाठीवरची बॅग खाली ठेवली.

"नारळ दे वापस, वजन होते," काकूंनी हात पुढं केला. "शेला राहू दे. बरफावर ठेवजो."

मी नारळ काढून दिला.

"अन् बाकीच्याइचे नारळबी नेऊन दे. घरोघरी जाऊन सांग."

"शरमेनं मरीन मी काकू."

"मर," त्या म्हणाल्या. "अन् मंग जाय."

मी घरी येऊन नारळांचं पोतं उचललं. पहिलं घर समोरचंच होतं.