आमच्या वन्सं आणि तीन गिअरचं चाक

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, घरात बसवून ठेवणं कुणाच्या बापाला जमणार नाही. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान जेवताना तरी बसतात. वन्सं ओट्याशी उभ्यानं जेवतात, तेही खिडकीतून रस्त्याकडे बघत.

कामही त्यांनी तसलंच शोधलं. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे साचे उचलायचे, कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये पोचवायचे आणि तयार कवळ्या परत दवाखान्यांत नेऊन द्यायच्या. अर्ध्या गावाचे दात पेटीत घालून ही बाई वर्षानुवर्षं सायकलवर फिरते आहे. आणि सायकल तरी कसली, तर पक्क्या चाकाची. तुमच्या-आमच्या सायकलवर उतारावर पाय थांबवता येतात, हिच्यावर नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर पाय. वेग कमी करायचा तर पायांनीच मागे रेटायचं. मी एकदा बसून पाहिली. कोपऱ्यावर सवयीनं पाय थांबवले आणि सायकलीनं मला उचलून कुंपणात टाकलं.

"तुला आरामाची सवय आहे गं," वन्सं हसून म्हणाल्या. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

पण त्यांचंही खोटं नाही. आई गेली तेव्हा वन्सं शाळेत होत्या आणि त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, नुकता कुठे चालायला लागला होता. त्याला कडेवर घेऊन त्यांनी घर सांभाळलं, त्याला शिकवलं, सायकल दुरुस्तीचं दुकान काढून दिलं. मध्ये कुठे दम खाल्ला असेल असं मला वाटत नाही.

यंदा त्यांचा उजवा गुडघा सुजला. एक दवाखाना गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथला चढ भल्याभल्यांचा घाम काढतो. डॉक्टर म्हणाले, चढावर एवढा जोर लावायचा नाही, नाहीतर सायकल सोडा. लॅबवाल्यांनी लगेच एका मोटरसायकलवाल्याशी बोलणी सुरू केली. वन्संचं काम जाणार आणि त्या दिवसभर घरात राहणार, या विचारानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. विश्रांतीच्या दिवसांत त्यांनी माझं स्वयंपाकघर इतक्या वेळा नव्यानं लावलं होतं की मला मीठसुद्धा विचारून घ्यावं लागे.

नवऱ्यानं उपाय काढला. चाकाच्या मध्यभागी जो हब असतो, त्याच्याच पोटात तीन गिअर. हँडलवर एक खटका, बाकी बाहेरून काही दिसत नाही. पहिला हब त्यानं आणला तो साधा, पाय थांबवता येणारा. वन्सं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या आणि सायकल त्याच्या अंगावर ढकलली.

"पाय थांबले की मला कसंतरीच होतं."

"अगं ताई, तेवढ्यासाठीच तर..."

"काढ ते."

बिचाऱ्यानं बरीच खटपट करून दुसरा मिळवला, तीन गिअरचा आणि तरीही पक्का. बसवताना त्यानं बजावलं, "गिअर बदलताना पायातला जोर सोडायचा. पाय फिरू देत, पण क्षणभर नुसते ढिले. जोर ठेवलास तर आतले दात मधेच लटकतात आणि पेडल रिकामं फिरतं. पुढे ब्रेकही लावतोय, तो काढायचा नाही."

"एवढंच ना?" वन्सं म्हणाल्या.

एवढंच त्यांना जमेना. दुसरं कुणीही खटका दाबताना आपसूक पाय सैल सोडतं. वन्संच्या पायांना एकच ठाऊक, चढ दिसला की आणखी रेटा. पहिल्याच दिवशी चढाच्या तोंडाशी त्यांनी रेटतारेटता खटका दाबला. गिअर लटकला, पाय गरकन फिरले आणि बाई पेटीसकट आडव्या. कुणा आजोबांच्या वरच्या जबड्याचा चुरा झाला. आजोबांना पुन्हा आ करून बसावं लागलं. लॅबवाले म्हणाले, "उद्या वरच्या दवाखान्यात कवळी द्यायची आहे. ती वेळेवर आणि धड पोचली नाही, तर परवापासून मोटरसायकलवाला."

संध्याकाळभर वन्सं दुकानासमोर येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी नवरा वैतागला. "ताई, सोडायचं म्हणजे सोडायचं! यात शिकण्यासारखं आहे काय?"

"मला सोडता येत नाही रे," वन्सं म्हणाल्या. "पायच ऐकत नाहीत."

इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मला त्यांची चीड आली आणि कीवही, दोन्ही एकदम.

सकाळी मी बूट चढवले आणि म्हटलं, "मी येते चढापर्यंत."

"तू? धाप लागेल तुला."

"लागू दे."

त्या हळूहळू सायकलवर, मी बाजूनं पळत. चढ सुरू होताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा घट्ट. "वन्सं, सोडा." छे! खटका दाबला, पण गिअर पडेना. ब्रेक दाबून थांबलो, मागे गेलो, परत आलो. "सोडा म्हणते ना!" रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मला रडू यायच्या बेतात होतं. पुढच्या खेपेला मी ओरडलेच, "अहो, पडलात तर मी धरीन! मी आहे ना इथे!"

हाताखालचा खांदा सैल झाला. खट्‌ असा आवाज आला आणि पाय एकदम हलके फिरू लागले. वन्सं माझ्या हातातून निसटल्या आणि चढाच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मी कठड्यावर बसून धापा टाकत राहिले. गुडघा टिकेल ना, पेटी पडली नसेल ना, एक ना दोन. मधेच उठत होते, पुन्हा बसत होते.

बऱ्याच वेळानं त्या उतरताना दिसल्या. कवळी पोचली होती, धड, वेळेत. लॅबवाल्यांचा फोनही येऊन गेला होता, काम त्यांच्याकडेच राहिलं. आता मला चार टोमणे ऐकवतील असं वाटलं. पण त्या सायकलवरून उतरल्याच नाहीत, एक पाय कठड्याला टेकवून तशाच राहिल्या.

"वरती अजून दोनदा सोडलं," त्या म्हणाल्या. "काही झालं नाही गं."

"मग? सांगत नव्हतो का आम्ही?"

"काहीच झालं नाही," असं म्हणून वन्सं भर रस्त्यात, हेल्मेटसकट, लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "मला वाटायचं, मी जरा ढिली पडले तर तो उपाशी राहील."

तो म्हणजे माझा नवरा. केस पिकलेला, पोट सुटलेला, सकाळी दोनदा मागून खाल्लेला. त्यांचं रडून होईपर्यंत मी सायकल धरून उभी राहिले.